पान सतरावरची मेणबत्ती

पान सतरा चुकलं आहे.

लेखाची सुरुवात अशी करत नाहीत हे मला ठाऊक आहे. 'शिक्षकांना शिकवतानाच्या आठवणी लिहा, जरा खुसखुशीत असू द्या' असं संपादकांनी सांगितलं होतं, आणि तसा मजकूर माझ्याकडे पुष्कळ आहे. तोही देणार आहे. पण हा अंक हातात घेणारा एखादा शिक्षक लेख अर्ध्यात सोडून चकलीकडे वळला तर मुख्य गोष्ट राहून जाईल, म्हणून ती आधी सांगितली. हिरव्या कव्हरची, पिना मारलेली माझी प्रयोगपुस्तिका तुमच्या शाळेच्या कपाटात असेल, तर तिचं सतरावं पान चुकीचं आहे. बाकीची पानं बरी आहेत.

मी कर्णिक. भाईंदरच्या एका शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. त्यातली शेवटची पंधरा वर्षं आसपासच्या शाळांमधल्या विज्ञान शिक्षकांनाही शिकवलं. या कामाला सरकारी भाषेत साधनव्यक्ती म्हणतात. साधनं कुठलीच मिळत नाहीत, व्यक्ती तेवढी असते.

शिक्षकाला आणखी काय शिकवायचं, असं बाहेरच्याला वाटतं. पण पुस्तक बदलतं, अभ्यासक्रम बदलतो, आणि विज्ञान शिकवणाऱ्या बऱ्याच जणांनी कॉलेज सोडल्यापासून परीक्षानळी हातात धरलेली नसते. म्हणून वर्षातून एकदा-दोनदा एखाद्या शाळेच्या सभागृहात साठ-सत्तर शिक्षकांना बोलावतात. येणं सक्तीचं. पहिला तास हजेरी, दीपप्रज्वलन आणि पाहुण्यांचं स्वागत यात जातो, दुसरा चहात. मग मी. समोर कोणी वह्या तपासतंय, कोणी पर्सच्या आड मोबाइल बघतंय. अशा लोकांना मान वर करायला लावणं हे माझं काम होतं आणि ते मला झकास जमायचं. नम्रपणा थोडा बाजूला ठेवून सांगतो.

माझी पत्र्याची एक पेटी होती. तिच्यात ग्लास, बश्या, फुगे, सुया काढलेल्या सिरिंज, लोहचुंबक, तांब्याची तार, मेणबत्त्या. मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमधल्या घरून निघताना ती शेअर रिक्षात पायाशी घेऊन बसायचो. एकदा रिक्षावाल्याने विचारलं, "अंकल, अंदर क्या है?"

"साइंस है."

त्याने आरशात बघितलं. "फटेगा तो नहीं ना?"

शाळांची साधनं हा एक वेगळाच विषय. एका शाळेत विज्ञानाची तयार पेटी आली होती. मुख्याध्यापकांनी ती स्वतःच्या केबिनमध्ये कपाटात कुलूप लावून ठेवली. दर दसऱ्याला तिच्यावर झेंडूची फुलं वाहायचे, हळदकुंकू लावायचे, पण आत काय आहे ते कोणी पाहिलेलं नव्हतं. मी म्हणालो, "सर, उघडा की."

"काचेचं सामान आहे, कर्णिक. फुटलं तर मी काय उत्तर देऊ?"

"फुटू द्या. मुलं काच उचलायला शिकतील."

तीन वर्षं मागे लागलो तेव्हा कुठे त्यांनी चावी दिली. आतल्या ड्रॉपरचे रबरी फुगे वितळून काचेला चिकटले होते आणि लिटमसचे कागद पांढरे पडले होते. मुख्याध्यापकांनी झाकण लावलं. मग म्हणाले, "नवीन मागवू." नवीन आली, तीही कुलपात गेली. म्हणून मी पुस्तिका काढली. घरात आणि किराणा दुकानात मिळणाऱ्या वस्तूंचे प्रयोग, एका पानावर एक. पहिल्या प्रती मी आणि माझी बायको सुधा, आम्ही दोघांनी जमिनीवर बसून पिना मारून तयार केल्या.

प्रत्येक प्रशिक्षणाची रंगीत तालीम सुधासमोर व्हायची. ती स्वयंपाक करता करता बघायची आणि शेवटी म्हणायची, "हो, झालं बरोबर. आता टेबल मोकळं करा, पानं घ्यायचीत." एवढा कठोर प्रेक्षक मला पुढे सभागृहातही मिळाला नाही.

प्रशिक्षणाच्या शेवटी अभिप्राय पत्रकं भरून घेतात. 'प्रशिक्षण कसे वाटले?' उत्तर ठरलेलं, 'उत्तम.' 'सुधारणेसाठी सूचना?' तिथे लोक मनापासून लिहायचे: भात कमी पडला, पंखा बंद होता, शनिवारी ठेवू नये. मी वरची चार-पाच वाचायचो, बाकीचा गठ्ठा सुतळीने बांधून घरी न्यायचो आणि माळ्यावर टाकायचो. पुढच्या गोष्टीसाठी हे लक्षात ठेवा.

आता पाटील गुरुजींचं सांगतो. उत्तनच्या बाजूचे, निवृत्तीला आलेले, पांढऱ्या मिश्यांचे गृहस्थ. मी पाण्यातून मीठ वेगळं करण्याचा प्रयोग दाखवत होतो. वाटीत मिठाचं पाणी, खाली स्पिरिटचा दिवा, पाणी उडून गेलं की तळाला मीठ. गुरुजी पहिल्याच रांगेतून उठले.

"सर, मीठ काय दिव्यावर बनतंय? ही समोर मिठागरं हायत. तिथं दिवा कुठं हाय? मीठ वाऱ्यावर बनतंय. तुमच्या पुस्तकात वारा न्हाय."

मी दोन्ही हात जोडले. सगळ्यांदेखत म्हणालो, "गुरुजी, चूक झाली." पुढच्या छपाईत ते पान बदललं. सपाट थाळी, ऊन, वारा, आणि खाली एक ओळ, 'ही दुरुस्ती श्री. पाटील गुरुजी यांनी सुचवली.' ती ओळ मी नंतर प्रत्येक प्रशिक्षणात अभिमानाने वाचून दाखवायचो. आपण किती मोकळ्या मनाचे आहोत, याचा तो माझ्याकडचा दाखला होता.

त्यानंतर साधारण वर्षभराने पान सतराचा दिवस आला. प्रयोग तुम्ही केला असेल. बशीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, तिच्यावर काचेचा ग्लास उपडा घालायचा. थोड्याच वेळात मेणबत्ती विझते आणि बशीतलं पाणी ग्लासात चढतं. का? पान सतरावर लिहिलं होतं की जळण्यात ग्लासातला ऑक्सिजन संपतो आणि त्याची रिकामी झालेली जागा पाणी घेतं. हवेत ऑक्सिजन साधारण पाचवा हिस्सा असतो, पाणीही साधारण तेवढंच चढतं. मला माझ्या शिक्षकांनी असंच सांगितलं होतं. पाणी चढलं की सभागृहात हमखास टाळ्या पडायच्या.

त्या दिवशीही पडल्या. टाळ्या थांबल्यावर मागच्या बाकावरून एक बाई उभ्या राहिल्या. वैशाली गायकवाड. सकाळी ओळख करून देताना त्यांनी सांगितलं होतं की घरचे परभणीकडून आले, वडिलांनी भाईंदरला कारखान्यात काम केलं, आणि शाळेत शिकवणाऱ्या घरातल्या त्या पहिल्याच. तिशीच्या असतील.

"सर, एक विचारू?"

"विचारा की."

"मी घरी तीन मेणबत्त्या लावून बघितल्या. पाणी खूप जास्त चढतं. ग्लास तोच, म्हणजे आत ऑक्सिजन तेवढाच. मग जास्त कसं चढतं?"

मला उत्तर माहीत नव्हतं. एवढंच म्हणायचं होतं. पण टाळ्या अजून कानात होत्या. मी म्हणालो, "मॅडम, आपल्याला वरून एकच मेणबत्ती मंजूर झाली आहे."

सभागृह हसलं. गायकवाड मॅडमही थोड्या हसल्या आणि त्यांनी पर्स उघडली. "माझ्याकडे आहेत, सर. दोन आणल्यात मी."

खरोखरच त्यांच्या हातात दोन मेणबत्त्या होत्या. आणि मी म्हणालो, "ठेवा, ठेवा. घरी लाइट गेली की उपयोगी पडतील."

या वेळी हसणं मोठं होतं. त्यांनी मेणबत्त्या पर्समध्ये ठेवल्या, चेन लावली आणि खाली बसल्या. मी पान अठराकडे वळलो.

पाटील गुरुजींनी चूक दाखवली तेव्हा मी हात जोडले होते. गायकवाड मॅडमनी दाखवली तेव्हा विनोद केला. गुरुजी वयाने मोठे, पुरुष, गावचे मानाचे, पहिल्या रांगेतले. या बाई तरुण, बौद्ध घरातल्या, बाहेरून आलेल्या, मागच्या बाकावरच्या. यातल्या कशामुळे माझी जीभ सैल सुटली, हे मी स्वतःला नंतर पुष्कळदा विचारलं आहे. 'यातल्या कशामुळेच नाही' असं मला शपथेवर सांगता येत नाही. त्याची लाज वाटते.

मी हे विसरून गेलो. खरंच पूर्ण विसरलो. निवृत्त झालो, शाल-श्रीफळ मिळालं. तिसऱ्या महिन्यात शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून ॲडमिनने मला काढलं. नियमच आहे, नोकरीत असलेलेच राहतात. रागावण्यासारखं काही नव्हतं. मी दोन दिवस रागावलो.

दोन वर्षांनी सुधा गेली. त्याबद्दल इथे लिहिणार नाही. एवढंच सांगतो की तीस वर्षं दिवसाला पाच-सहा तास बोलणाऱ्या माणसाचं बोलणं एकदम बंद झालं. मुलगी बंगळूरला असते, रविवारी फोन करते. बाकी दूधवाल्याशी दोन वाक्यं, लिफ्टमध्ये एक, तीही हिंदीत. काही दिवस असे जातात की संध्याकाळी फोन वाजला तर घशात अडकलेला आवाज आधी खाकरून मोकळा करावा लागतो. पहिले कितीतरी महिने मी संध्याकाळी टेबल मोकळं करून ठेवायचो. मग ती सवयही गेली.

काही महिन्यांपूर्वी शेजारच्या शाह भाभींनी बेल वाजवली. "अंकल, शनिवार को पेस्ट कंट्रोल आने वाला है. ऊपर का माळिया खाली करना पड़ेगा. कबाड़ हो तो मेरे भंगारवाले को दे दो, अच्छा आदमी है."

त्या अच्छ्या आदमीने माळ्यावरून माझी पेटी खाली काढली आणि तिच्यामागून अभिप्राय पत्रकांचे गठ्ठे. "ये पेपर भी देना है?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "पेटी नहीं. पेपर देखके देता हूँ."

देखके म्हणजे काय, तर मला कौतुक वाचायचं होतं. एकटा माणूस असली कामं करतो. जेवणाच्या टेबलावर गठ्ठे सोडले आणि चार दिवस तेच वाचत बसलो. उत्तम, उत्तम, अतिउत्तम, भात कमी, उत्तम. चौथ्या दिवशी दुपारी एक पत्रक हातात आलं. कसे वाटले, हा रकाना रिकामा. सूचनेच्या रकान्यात बारीक, सरळ अक्षर:

'पान १७. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावून पाहाव्यात. पाणी जास्त चढते. तसेच मेणबत्ती जळत असताना नाही, विझल्यावर चढते. ग्लास ठेवताना कडेने बुडबुडे बाहेर येतात. कारण समजून घ्यायचे आहे. वै. गायकवाड.'

सभागृह हसल्यानंतर, दिवस संपताना, त्या बाईंनी हे बसून लिहिलं होतं. आणि मी गठ्ठ्याला सुतळी बांधली होती.

मग मी त्यांचं अक्षर शोधायला लागलो. पुढच्या वर्षांची त्यांची आणखी नऊ पत्रकं सापडली. सूचनेचा रकाना नऊही पत्रकांत कोरा. कसे वाटले? 'उत्तम.' नऊ वेळा.

पेटी उघडली. ग्लास पुसला, बशीत पाणी ओतलं, मोरीतल्या फळीवरून मेणबत्त्या आणल्या. आधी एक. पाणी चढलं, मार्करने काचेवर खूण केली. मग तीन. तिन्ही विझल्या, आणि पाणी खूण ओलांडून चांगलं तीन बोटं वर गेलं. पुसून पुन्हा केलं. चार वेळा केलं. कडेने बुडबुडे येत होते, अगदी स्पष्ट. आयुष्यभर हा प्रयोग मी लोकांच्या चेहऱ्याकडे बघत केला होता, ग्लासाकडे बघत कधी केलाच नव्हता.

कारण सोपं आहे. मेणबत्तीने ग्लासातली हवा तापते, फुगते, थोडी कडेने बाहेर पडते. तेच बुडबुडे. ज्योत विझली की आत उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. तीन मेणबत्त्या, जास्त उष्णता, जास्त हवा बाहेर, जास्त पाणी आत. ऑक्सिजन थोडा वापरला जातो, पण सगळा संपत नाही आणि त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आलेला असतो.

तेव्हा मला आणखी एक गोष्ट आठवली आणि मी खुर्चीत बसलो. या प्रयोगाच्या तालमीला सुधा पोळ्या लाटता लाटता म्हणाली होती, "विझल्यावर चढतं होय? मला वाटलं, जळताना चढेल." मी म्हणालो होतो, "तू पोळीकडे बघ, करपतेय."

एवढी मोठी गोष्ट कळली आणि घरात सांगायला कोणी नव्हतं. मुलीला फोन लावला.

"बाबा, मीटिंगमध्ये आहे. सगळं ठीक ना?"

"ठीक आहे गं. पाणी जास्त चढतंय."

"पाणी? सोसायटीत पाणी शिरलंय? तुम्ही तिसऱ्या मजल्यावरच थांबा, खाली उतरू नका!"

तिची समजूत घालण्यातच फोन संपला. मी बश्या धुतल्या.

शनिवारी पेस्ट कंट्रोल झालं. सोमवारी मी पत्रकं पिशवीत घालून भाईंदर पश्चिमेला गेलो. स्टेशनपासून बाजारातून चालत त्यांची शाळा. गायकवाड मॅडम अजून तिथेच होत्या. चष्मा लागलेला, कानाजवळ केस पांढरे. स्टाफरूममध्ये एकट्याच पेपर तपासत बसल्या होत्या. मला बघून झटकन उठल्या.

"सर! तुम्ही? बसा ना."

बाजारातून चालताना मी वाक्य जुळवून ठेवलं होतं, ते आठवेना. "मॅडम, तुमचं बरोबर होतं," एवढंच म्हणालो.

"काय, सर?"

"तीन मेणबत्त्या."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "चौदा वर्षं झाली त्याला."

"म्हणजे तुमच्या लक्षात आहे."

"माझ्या असणारच. तुम्हाला कसं आठवलं, ते सांगा."

मी पत्रकं पुढे ठेवली. पहिलं, आणि मग ती नऊ. त्यांनी पहिलं वाचलं, बाकीच्यांना हात लावला नाही.

"तुम्ही प्रशिक्षणाला येत होतात तर," मी म्हणालो.

"सगळ्यांना येत होते. नाही आलं तर नोटीस येते, सर. फक्त बोलायचं सोडलं."

"आणि मुलांना? त्यांना काय सांगता तुम्ही?"

"तुमचंच सांगते. पान सतरा."

माझा चेहरा पडला असावा, कारण त्यांनी खुर्ची जरा पुढे घेतली आणि शांतपणे सांगायला लागल्या. "त्या वर्षी मी वर्गात तीन मेणबत्त्या लावूनच शिकवलं होतं. हवा तापते, आकसते, सगळं समजावून दिलं. सहामाहीला नेमका तो प्रश्न आला. तीन मार्क. पेपर तपासायला दुसऱ्या शाळेत गेले होते. तिथल्या मॅडम तुमच्याकडेच शिकलेल्या, त्यांनी तुमची पुस्तिका शेजारी ठेवून तपासलं. माझ्या पूर्ण वर्गाला शून्य. मी जाऊन बोलले, तर त्या म्हणाल्या, कर्णिक सरांनी लिहिलंय, मी कशी बदलू?"

मी ती नऊ पत्रकं उचलून पिशवीत घातली.

"आठवी ब मध्ये स्नेहा होती. हुशार मुलगी. त्या तीन मार्कांनी तिचा पहिला नंबर गेला. पेपर घेऊन माझ्याकडे आली, रडत नव्हती, नुसती बघत होती. म्हणाली, मॅडम, तुम्ही आम्हाला चुकीचं का शिकवलं? मी काय सांगणार होते, सर? पुस्तिकेत एक, मी एक. त्या दिवसापासून पान सतरा शिकवायला लागले."

"मला माफ करा," मी म्हणालो.

"माफीचं मी काय करू? स्नेहाचं लग्न झालं, मीरा रोडलाच आहे कुठेतरी. तिला अजून हेच वाटतंय की गायकवाड मॅडमनी चुकीचं शिकवलं. मला तेवढंच लागतं हो, सर. बाकी तुमचं ते हसणं वगैरे मी कधीच सोडून दिलं."

बाहेर मधली सुट्टी झाली होती, मुलांचा गोंगाट आत येत होता. मी पिशवीतून आदल्या दिवशी झेरॉक्स करून घेतलेल्या चिठ्ठ्या काढल्या. पान सतरावर चिकटवायच्या आकाराच्या. खरं कारण, तीन मेणबत्त्यांचं चित्र, खाली माझी सही आणि एक ओळ, 'ही शंका प्रथम श्रीमती वैशाली गायकवाड यांनी विचारली.'

त्यांनी ती दोनदा वाचली. "'प्रथम' कशाला लिहिलंत? नंतर कोणी विचारलीच कुठे?"

मग त्यांनीच व्यवहाराचा मुद्दा काढला. पुस्तिका आता कागदावर राहिलेली नाही, कोणीतरी तिची पीडीएफ केली आहे, दर वर्षी नव्या शिक्षकांना ग्रुपवर तीच पाठवतात. माझं नाव असलेलं पहिलं पान त्यात नाही, पान सतरा मात्र आहे. पीडीएफवर चिठ्ठी कशी चिकटवणार?

"ग्रुपवर टाकायला पाहिजे," मी म्हणालो. "पण मला काढलंय."

"मी आहे ना."

त्यांनी चिठ्ठीचा फोटो काढला, खाली काहीतरी टाइप केलं आणि अंगठा तसाच वर धरून थांबल्या. ग्रुप सुरू झाल्यापासून त्यावर 'शुभेच्छा' आणि 'पोहोचले' याखेरीज काही लिहिलं नाही, असं म्हणाल्या. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. पाठवल्याचा आवाज आला. काही मिनिटांत अंगठ्याची तीन चित्रं आली, कोणीतरी विचारलं, 'मग पेपरात काय लिहायचं?' आणि लगेच खाली दुसऱ्या कोणाची तरी सूचना आली की वार्षिक नियोजन आजच्या आज जमा करावं. चर्चा संपली. आम्ही दोघेही हसलो. चौदा वर्षांपूर्वी मी त्यांना हसवायला हवं होतं ते असं.

त्या मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. मी रिक्षाला हात करणार इतक्यात मागून आवाज आला.

"सर, एक विचारू?"

मी वळलो. मान हलवली.

"हवा थंड होऊन आकसते म्हणून पाणी चढतं, बरोबर? मग बशीत गरम पाणी घेतलं तर? आतली हवा थंड व्हायला वेळ लागेल. पाणी कमी चढेल, का हळू चढेल?"

"माहीत नाही," मी म्हणालो. हे दोन शब्द मी शिक्षकांसमोर पहिल्यांदाच उच्चारले, आणि वाटलं होतं तेवढे ते जड नव्हते. "करून बघतो."

घरी आल्यावर चपला काढायच्या आधी गॅसवर पाणी ठेवलं. टेबलावर दोन बश्या मांडल्या, एकीत नळाचं पाणी, एकीत गरम. काय झालं ते इथे लिहीत नाही. ते आधी गायकवाड मॅडमना सांगायला हवं, आणि त्यांचा नंबर घ्यायचा मी विसरलो होतो. म्हणजे पुन्हा भाईंदरला जाणं आलं. फोनवरही विचारता आलं असतं, शाळेचा नंबर माझ्याकडे आहे. पण मी गेलो. आता दर पंधरवड्याला जातो.

हे सगळं खुसखुशीत झालेलं नाही, याबद्दल संपादकांची क्षमा मागतो. मी हा लेख ज्यांच्यासाठी लिहिला त्यांतली एक मीरा रोडला कुठेतरी राहते. तिचं सासरचं आडनाव आम्हाला माहीत नाही. दिवाळीचे अंक ती वाचते की नाही तेही माहीत नाही.

स्नेहा, आठवी ब. तुझ्या मॅडमनी बरोबर शिकवलं होतं. तपासणाऱ्या मॅडमचीही चूक नाही, उत्तरपत्रिकेशेजारी जे पान होतं ते माझं होतं. तुझं उत्तर मी गायकवाड मॅडमकडून ऐकलं आहे. पेपर आज समोर नाही, म्हणून इथेच तपासून देतो.

तीनपैकी तीन.